मधला आवाज

मी कधीच चाल गायले नाही.
चाल पुढच्या बाकांवरच्या बायकांची:
पोस्टातली नेस्ट, तिच्या दोघी बहिणी,
आणि मेव्हानवी, जी शेवटच्या ओळीला डोळे मिटायची.
आम्ही आल्टो. भिंतीकडचं तिसरं बाक,
जिथं ओल यायची, कोट काढता यायचा नाही.
आमच्या वाट्याला तीनचार सूर,
त्यातही एकाच सुरावर सहासहा शब्द,
पीठ मळताना हात एकाच जागी फिरतो तसे.
आई म्हणायची, आपण भिंतीतला चुना.
चुना बघायला कोणी येतं का?

आमचं चॅपल भांडणातून झालं.
ओढ्याअलीकडच्या जुन्या चॅपलात हार्मोनियम आली,
तेव्हा "देवाला भात्याची हवा कशाला?" म्हणत
अकरा कुटुंबं उठली. पाटीच्या खाणीतून सुटल्यावर
कंदील लावून रात्री भिंती रचल्या,
खिडक्या मुद्दाम त्यांच्या खिडक्यांसमोर.
दोन्हीकडे तीच गीतं, अर्ध्या सुराच्या फरकानं,
साठ वर्षं.
उन्हाळ्यात तावदानं उघडी असली की
दोन्ही ऐकायचे ते ओढ्यातले मासे.

वाद्य नाही. इद्वाल पॅरी आणि त्याचा नादकाटा.
बाकाच्या कडेवर आपटायचा, कानाशी न्यायचा,
खाकरायचा,
मग चार आवाजांना चार सूर वाटायचा
रेशन वाटल्यासारखे, कुणाला जास्त नाही.
त्या कडेला खळगा पडलाय. अंगठा बसतो.

पाच रेघांची स्वरलिपी खाणकामगारांना कोण शिकवणार?
भिंतीवर कापडी तक्ता होता, डो रे मी फा,
तळापासून वर, शिडीसारखा.
इद्वालची छडी जाईल तिथं चढायचं, उतरायचं.
माझे वडील आठव्या पायरीखाली कायम.
जेवणाच्या सुट्टीत, खाणीतल्या पत्र्याच्या खोलीतही
चहाच्या किटलीभोवती तेच चालायचं म्हणे,
आणि टेनरवरून मारामारी.

खालचे आवाज आधी गेले.
दगडाची धूळ खालच्या आवाजात आधी बसते.
मग मुलं गेली, लिव्हरपूलला, कार्डिफला,
एक तर पॅटागोनियाला, तिथून नाताळचं कार्ड येतं.
पलीकडच्या चॅपलात टायरचं गोदाम झालं.
हार्मोनियमचं काय झालं, विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मार्चमध्ये नेस्ट गेली.
तिच्याबरोबर चाल गेली.

शेवटच्या रविवारी आम्ही तिघं:
हाविस आणि मी, दोघी आल्टो,
आणि एम्लिन टेनर, एका फुप्फुसाचा.
फळ्यावर गीताचा आकडा लावला. दोनशे सतरा.
सातचा आकडा हरवलेला, म्हणून एक उलटा करून.
उभे राहिलो.
आणि गायलो, आपापलं, जसं आहे तसं,
वर कोणी नाही, खाली कोणी नाही,
मध्ये आम्ही, एका सुरावर सहा शब्द,
जिथं मेव्हानवी डोळे मिटायची
तिथं गप्प बसलो, तिच्या श्वासाइतकं.

दाराशी एक मुलगा थांबला होता,
मोजमाप घेणारा, टोपी हातात.
त्याच्या यंत्राचा लाल ठिपका
दोनशे सतरावर थरथरत होता.
"छान होतं," तो म्हणाला. "कुठलं गाणं?"
फोन पुढे केला: गुणगुणा, तो शोधून देतो.
मी गुणगुणले.
माझं जेवढं होतं तेवढं.
फोननं बराच वेळ ऐकलं, गोल फिरला,
काही सापडलं नाही म्हणाला.
"बाकीचं कसं आहे?" मुलानं विचारलं.
मी तोंड उघडलं. सत्तर वर्षं शेजारी बसून
मला ते येत नव्हतं.
"ते दुसऱ्यांकडे होतं," म्हटलं.

हाविस हसली. एम्लिन खोकत बाहेर गेला.
मी किल्ली दिली,
आणि उघडताना दार जरा उचलून धरावं लागतं,
उजवीकडून, गुडघा लावून,
ते मात्र नीट सांगितलं.